प्रेमकथेला फायर एनओसी

कथा लिहायला बसावं लागतं, किस्सा आपणहून घडतो. आमच्या कट्ट्यावर गेल्या बारा वर्षांत ढिगानं प्रेमकथा वाचल्या गेल्या, पण त्यातली एकही मला आज धड सांगता येणार नाही. त्या वाचताना कोण काय बोललं, कोण रुसलं, कुणाचा चहा कुणाच्या कथेवर सांडला, हे मात्र विचारा. जेवण विसरून सांगत बसेन! मुलगी म्हणते, "आई, तू हेच का नाही लिहीत?" म्हटलं, लिहू. नाहीतरी माझ्या कथा कोण वाचतंय!

कट्टा म्हणजे पापडी गावातल्या ब्रिजीत टीचरांच्या घराचा व्हरांडा. टीचर हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झाल्या, पण आवाज अजून सात वर्गांना पुरेल एवढा आहे. एक रविवार सोडून एक आम्ही दुपारी चारला जमतो आणि चर्चची सहाची घंटा झाली की उठतो. विरारचा केतन आयटीत आहे, मोबाइलवरच्या एका ॲपवर दर आठवड्याला प्रेमकथेचा एक भाग टाकतो. अर्नाळ्याचा हेमंत शाळेत शिकवतो, घरची होडी आहे. आणि मी, सुनंदा, कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त.

आम्ही सगळे प्रेमावर लिहितो आणि आमच्या सगळ्यांचं प्रेम पेटतं. पहिल्या पानावर ठिणगी, मध्ये भडका, शेवटी राख. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. मग साळवी काका आले.

*

साळवी काका मूळचे चिपळूणचे. मुंबईत अग्निशमन दलात बत्तीस वर्षं नोकरी, आता नायगावच्या नव्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर. पेपर वाचून संपतो आणि दिवस उरतो, म्हणून कट्ट्यावर आले. पहिल्या दिवशी कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसले होते.

केतन वाचत होता, "तिच्या ओझरत्या स्पर्शानं त्याच्या सर्वांगात वणवा पेटला."

काकांनी हात वर केला. "वारा कुठल्या दिशेचा होता?"

"अं?"

"वणवा म्हणालात ना? वणव्यात आधी वारा बघतात. आणि त्याच्यावर पाणी घेऊन धावायचं नाही, ओल्या फांद्यांनी झोडपायचं. पुढं झोडपलंय का त्याला?"

केतन लालेलाल. "काका, ते सिम्बॉलिक आहे!"

"असेल. पण आम्हाला फोन यायचे तेव्हा सिम्बॉलिक आहे म्हणून कुणी सांगायचं नाही. आम्ही आपले जायचो."

हेमंत एवढा हसला की टीचरांनी त्याला वर्गाबाहेर, म्हणजे अंगणात, उभं केलं.

*

त्या दिवसापासून कट्ट्यावर एक नवी पद्धत पडली. वाचण्याआधी प्रत्येकानं आपली प्रेमकथा काकांना दाखवायची आणि त्यांची 'फायर एनओसी', म्हणजे आगीबाबतचा ना-हरकत दाखला, घ्यायची. सुरुवात चेष्टेत झाली. पण काका चेष्टेतल्या माणसांपैकी नाहीत. ते लाल पेन घेऊन आले! समासात बारीक अक्षरांत शेरे. 'ज्वलनशील मजकूर, पान चार.' 'नायिका बंद खोलीत, बाहेर पडायचा दुसरा मार्ग दाखवावा.'

टीचरांना याचा राग यायचा. त्यांच्या कथा एकदम सोवळ्या. नायक नायिका चर्चच्या कॉयरमध्ये भेटतात, पंधरा पानांत एकदाच एकमेकांकडे बघतात, मग लग्न. आग म्हणाल तर एकच वाक्य होतं. 'दोघांच्या मनात एकच मेणबत्ती तेवत होती.'

"ह्याच्यात काय काढाल?" टीचर म्हणाल्या.

"मेणबत्तीला हलक्यात घेऊ नका टीचर," काका म्हणाले. "आगीच्या फोनवर यायच्या त्या निम्म्या वर्द्या मेणबत्त्यांच्या असायच्या. पडद्यापासून किती लांब होती?"

"मनात पडदा कुठून येणार?"

"मग हरकत नाही."

टीचरांनी चष्म्यावरून असं पाहिलं की मी तर खुर्ची मागं घेतली. पण हाडाची शिक्षिका, चूक दाखवली की सुधारणारच. पुढच्या बैठकीत त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "दोघांच्या मनात एकच मेणबत्ती, पडद्यापासून सुरक्षित अंतरावर, तेवत होती."

*

हेमंत मात्र वाकला नाही. त्याचा नायक भर समुद्रात होडीवर नायिकेला मिठी मारतो आणि 'दोन देहांचा एकच भडका उडतो', असं होतं.

"डिझेल कुठं ठेवलंय?" काका.

हेमंत उसळला. रागावला की तो शाळेतली भाषा विसरतो आणि गावची बोलतो. "चहूबाजूला पानी हाय काका! एवऱ्या पान्यात काय पेटनार? नि आमी होडीवर स्टोव्ह पेटवतो, जेवन करतो, त्याला कोन काय बोलत नाय. माज्या हिरोनं मिठी मारली की लगेच बंब?"

काकांनी लाल पेन खिशात टाकलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. हेमंतनं विजयी वीरासारखी कॉलर ताठ केली आणि घरी जाऊन आईला कथा वाचून दाखवली. आई अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासळी वाळत घालते, ऐकता ऐकता बोंबील उलटत होती.

कथा संपल्यावर म्हणाली, "बाकी सगला बरा हाय. पन होडीवर चार खलाशी असतात, ते तवा कुठं गेलं होतं?"

हेमंतनं ती कथा अजून कुठं पाठवलेली नाही.

*

माझंही सांगते, नाहीतर म्हणाल बाई दुसऱ्यांचीच उणीदुणी काढते.

माझ्या नायकाचे डोळे कायम निखाऱ्यांसारखे असायचे. काकांनी समासात लिहिलं, 'पापण्या वाचल्या कशा?' मला इतका संताप आला की मी घरी जाऊन कथेतली सगळी आग काढून टाकली. निखारे काढले, धग काढली, ज्वाळा काढल्या, 'ती आतून पेटली' काढलं. बारा पानांची कथा होती, दीड पान उरलं! आणि त्या दीड पानात काय होतं, तर नायक नायिकेला रिक्षापर्यंत सोडायला जातो.

लाजत लाजत तेच वाचलं. मग टीचरांनी काळजीनं विचारलं, "मिळाली का गं तिला रिक्षा?"

काका म्हणाले, "बाई, हे चांगलं आहे."

खरं सांगते, मला फार लागलं ते. तीस वर्षं लिहितेय मी, आणि फुंकर मारली की खाली एवढंच उरत असेल तर मी करत काय होते? आठवडाभर पेन हातात घेतलं नाही. मग पुन्हा लिहायला लागले, पण निखाऱ्यापाशी आले की हात अडतो, तो अजून अडतो.

*

आता मुख्य गोष्टीकडं येते. साळवी काकी.

एकदा काकांचा चष्मा टीचरांकडं राहिला, तो द्यायला मी नायगावला गेले. काका खाली गेले होते. काकींनी पन्हं दिलं आणि विचारलं, "सुनंदा, हे तिकडं रविवारी काय करतात गं?"

म्हटलं, "प्रेमकथा तपासतात."

काकी बराच वेळ हसत होत्या. पदरानं डोळे पुसले, मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं होतील आता लग्नाला. ह्यांनी मला कधी 'बरी दिसतेस' म्हटलेलं नाही. भाजी चांगली झाली तरी म्हणणार, 'आज मीठ बरोबर आहे.' म्हणजे बाकीच्या दिवशी चुकतं काय?"

तेवढ्यात काका आले. काकींनी माझ्यादेखत सांगून टाकलं, "अहो, चाळिसाव्या वाढदिवसाला मला साडी नको, सोनं नको. माझ्यावर एक प्रेमाची गोष्ट लिहा आणि त्या तुमच्या कट्ट्यावर चार माणसांत वाचा. मी पुढं बसून ऐकणार. नाही जमलं, तर ह्यापुढं रविवारी घरी बसायचं आणि माझ्याबरोबर सीरियल बघायची."

काकांचा चेहरा बंबाची शिडी मध्येच अडकावी तसा झाला. लग्नाचा वाढदिवस दोन महिन्यांवर होता.

मला लिफ्टपर्यंत सोडायला काकी आल्या. लिफ्ट येईपर्यंत हळूच म्हणाल्या, "मला काही मोठं नको गं. एवढ्या वर्षांत ह्यांना मी कधी दिसले होते का, तेवढंच बघायचंय."

लिफ्ट आली, मी आत शिरले.

*

काकांचा पहिला खर्डा आम्ही सगळ्यांनी मिळून वाचला. जसाच्या तसा देते.

'वर्दी मिळाल्याची वेळ: सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटे. स्वरूप: मुलगी पाहणे. ठिकाण: तळमजला, कौलारू घर. मामांसह घटनास्थळी पोहोचलो असता पोहे देण्यात आले. पाहणी केली असता मुलगी सुस्थितीत आढळून आली. मुलीचा होकार मिळाल्यानंतर सात वाजता परत. जीवितहानी नाही. कारण अद्याप समजू शकले नाही.'

"कशाचं कारण काका?" केतननं विचारलं.

"होकाराचं. तिनं का दिला ते."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"चौकशीचं काम आमच्याकडं नसायचं."

टीचर म्हणाल्या, "साळवी, हे तुम्ही बायकोपुढं वाचलंत तर खरोखर बंब बोलवावा लागेल."

*

मग केतननं त्यांना शिकवायला घेतलं. गुरू तिशीतला, शिष्य पासष्टीचा! केतन म्हणाला, "काका, वाचकाला हीट पाहिजे. तुम्हाला आगीतलं आमच्यापेक्षा जास्त कळतं, तेच वापरा की."

काकांनी विचार केला. "आगीचे प्रकार असतात. लाकूडफाट्याची, तेलाची, गॅसची, विजेची. तुझ्या ॲपवरचं प्रेम गॅसचं. भक्कन पेटतं, कॉक फिरवला की बंद."

"आणि तुमचं?"

"आमचं लाकडाचं. उशिरा धरतं. बाहेरून विझल्यासारखं दिसतं, पण हात लावला तर आत धुमसत असतं."

आम्ही सगळे पुढं सरकलो. केतन ओरडला, "काका, हेच लिहा! हेच! लगेच लिहा!"

"छे छे," काका म्हणाले, "आत धुमसतंय म्हणजे ड्युटी संपलेली नाही. लाकडं उपसून दोन तास पाणी मारत बसायचं. कूलिंग झाल्याशिवाय गाडी परत न्यायची नाही."

आणि लाल पेनानं त्यांनी स्वतःचंच वाक्य खोडलं.

*

वाढदिवसाला आठवडा राहिला असताना काकींचा फोन. आवाजावरून रडतायत की हसतायत ते कळेना.

"सुनंदा, आज काय झालं माहितेय? मी गॅसवर दूध ठेवून खाली भाजीला गेले. ह्यांना सांगितलं होतं लक्ष ठेवा. परत येते तर पॅसेजभर धूर! शेजारचे आमचं दार वाजवतायत. आत गेले तर पातेलं काळंठिक्कर, आणि हे दहा पावलांवर डायनिंग टेबलाशी मान खाली घालून लिहीत बसलेले!"

"काकांना वास नाही आला?"

"वास? समोरच्या बिल्डिंगीत कुणी उदबत्ती लावली तरी खिडकीत जाऊन उभा राहणारा माणूस हा!" काकी थांबल्या. "पातेल्याचं काही नाही गं. जाऊ दे पातेलं. हे खरंच लिहितायत."

"काय लिहिलंय बघितलंत का?"

"बघू देतात होय! हात ठेवला कागदावर. पण एक शब्द दिसला मला. वर 'ती' असं लिहिलेलं होतं, आणि खाली सगळी खाडाखोड."

त्या दिवशी मी पहिल्यांदा काकांसाठी देवाला हात जोडले. आधी वाटायचं, ह्या माणसाची चांगली जिरली पाहिजे. आता वाटत होतं, बाबा, जमू दे ह्याला.

*

तो रविवार उजाडला. काकी मोरपंखी साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन पुढच्या खुर्चीत बसल्या. टीचरांनी केक आणला होता. केतन बायकोला घेऊन आला होता, हेमंत आईला. काका उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात एकच कागद, आणि तो कागद त्यांनी आधी उलटाच धरला. आगीत शिरणारा माणूस! मला त्यांच्याकडं बघवेना, मी काकींकडं बघत बसले.

काकांनी वाचायला सुरुवात केली.

"आम्ही फायर स्टेशनच्या आवारातल्या क्वार्टर्समध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. खाली घंटा झाली की वर घराघरांत ऐकू यायची. गाडी गेलेली कळायची, आलेली कळायची. मी वर्दीवरून परत आलो की घरात गॅस बंद असायचा. पान वाढलेलं असायचं. गार दहीभात आणि लोणचं. सुरुवातीला मला वाटलं, सिलिंडर संपला असेल. मग वाटलं, ही आळशी आहे.

"मग लक्षात आलं की त्या दिवशी देवापुढं दिवाही नसतो. उदबत्ती नसते. एकदा माझी आई गावाहून आली होती. तिनं हिला विचारलं, तिन्हीसांजेला घरात दिवा नाही म्हणजे काय? ही म्हणाली, तेल संपलंय. तेल संपलं नव्हतं. बाटली मी पाहिली होती. आईची बोलणी हिनं खाली मान घालून ऐकून घेतली.

"आमचा दिवा अशा संध्याकाळी शेजाऱ्यांच्या देवापुढं जळत असायचा. ही तो उचलून तिकडं नेऊन ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत यायचा. बत्तीस वर्षांत हिनं मला एकदाही विचारलं नाही, आज कुठं गेला होतात, काय बघितलंत. मी घरात पाऊल टाकलं की घरात कुठंही आग नसायची. एवढंच."

कागद खाली आला. केतननं तोंडावर हात धरला होता. टीचरांनी चष्मा काढला होता. हेमंतची आई पदर डोळ्यांना लावून बसली होती.

काकी म्हणाल्या, "चुकलंय."

काका गडबडले. "काय चुकलं?"

"दहीभात नव्हे, ताकभात. दही तुम्हाला बाधतं."

"बरं, ताकभात." काकांनी खिशातून लाल पेन काढून तेवढं दुरुस्त केलं.

काकी त्यांच्याकडं बघत होत्या. मग एकदम आवाज उतरला. "आणि दिव्याचं तुम्हाला कुणी सांगितलं? शेजारच्या वहिनींना मी शपथ घातली होती. गाडी आवारात शिरली की मी दिवा उचलायचे. तुम्ही तीन जिने चढून येईपर्यंत माझं सगळं आवरलेलं असायचं."

काकांनी कागदाची नीट घडी घातली, काकींच्या हातात दिली आणि म्हणाले,

"कुठं आवरलेलं असायचं? दिवा शेजारी नेताना नेहमी तुझी धांदल व्हायची. मी दुसऱ्या मजल्यावर थांबायचो. तुझं दार लागलेलं ऐकलं, की मग वर यायचो."